हुकूमशहाच्या टेबलावर पोचलेला आकडा कसा वाचावा

हुकूमशाही राजवटींतून बाहेर पडणारे आकडे, अहवाल आणि दावे वाचण्याची वेळ इतिहासाच्या विद्यार्थ्यावर येते, पत्रकारावर येते आणि रोजचे वर्तमानपत्र लक्षपूर्वक वाचणाऱ्या कोणावरही येते. अशा वेळी काही जण आकडा जसाच्या तसा मानतात, तर काही जण ‘ते सगळे खोटेच बोलतात’ असे म्हणून मोकळे होतात. दोन्हींत कष्ट वाचतात, पण हाती काही लागत नाही. खोटा आकडाही पुष्कळ काही सांगत असतो. तो कोणत्या पायरीवर, कोणाच्या हातून आणि कशाच्या भीतीने बिघडला हे शोधता आले, तर त्या राजवटीचा कारभार आतून कसा चालतो हे कळू लागते. हा शोध घेण्याची एक पद्धत पुढे मांडली आहे. उदाहरणासाठी मुख्यतः चीनमधील १९५८ ते १९६२ ही ‘मोठ्या झेपे’ची, म्हणजे माओ त्से-तुंग यांच्या नेतृत्वाखाली शेती व उद्योगांचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या मोहिमेची वर्षे घेतली आहेत, कारण त्या काळात खालून वर गेलेली माहिती, तिच्यावरून वरून सुटलेले हुकूम आणि त्या हुकमांचे गावागावांत झालेले परिणाम असे तिन्ही धागे आता बऱ्यापैकी उजेडात आले आहेत.

आकडा आधी आपल्या मापात आणावा

परक्या मापातला मोठा आकडा वाचताना मन बधिर होते आणि प्रचारयंत्रणेला तेच हवे असते. म्हणून पहिले काम हिशेबाचे आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये चीनच्या ग्वांगशी प्रांतातील ह्वानच्यांग तालुक्यातून एका मूमागे १,३०,००० जिनांहून अधिक भात निघाल्याची बातमी प्रसिद्ध झाली. मू आणि जिन आपल्याला अपरिचित असल्यामुळे हा आकडा नुसताच मोठा वाटतो. एक जिन म्हणजे अर्धा किलो आणि एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे. याचा अर्थ असा, की साडेसहा गुंठ्यांत ६५० क्विंटल भात पिकला. चांगल्या भातखाचरात तेवढ्या जागेत तीन-चार क्विंटल उतरले तरी मावळातला किंवा कोकणातला शेतकरी समाधानी असतो. हिशेब आणखी एक पाऊल पुढे न्यावा: ते सारे भात त्याच खाचरात सारखे पसरले, तर सुमारे सतरा सेंटीमीटर जाडीचा दाण्यांचा थर जमेल. ज्याने एकदा तरी भाताची झोडणी पाहिली आहे त्याला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही.

असे आकडे त्या उन्हाळ्यात रोज येत होते. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुतनिक सोडल्यानंतर चीनमध्ये विक्रमी उत्पादन जाहीर करण्याला ‘उपग्रह सोडणे’ म्हटले जाऊ लागले. पहिला मोठा उपग्रह जून १९५८ मध्ये हेनान प्रांतातील सुईफिंग तालुक्यातून सुटला. त्यात गव्हाचे उत्पादन मूमागे २,१०५ जिन, म्हणजे आपल्या हिशेबाने एकरी सुमारे ६४ क्विंटल सांगितले होते. बागायती गव्हाचे आपल्याकडचे चांगले पीक त्याच्या पावपट-तृतीयांश भरते. काही महिन्यांतच तो आकडाही बापुडवाणा वाटावा असे दावे पुढे आले. पिकलेल्या भाताच्या लोंब्यांवर मुले उभी असल्याचे छायाचित्र कम्युनिस्ट पक्षाच्या पीपल्स डेली या मुखपत्रात छापून आले. मुलांच्या पायांखाली बाक दडवलेले होते. ह्वानच्यांगमध्ये अनेक खाचरांतले तयार भात उपटून एकाच खाचरात दाटीने लावले होते. पाहणीला येणाऱ्यांना भरलेले खाचर खरेच दिसत होते, आणि ही गोष्ट विसरू नये. डोळ्यांनी पाहिले म्हणून माहिती खरी ठरत नाही. काय पाहायचे हे कोणी ठरवले, हे विचारावे लागते.

पहिल्यांदा लिहिणाऱ्याचे काय पणाला लागले होते

आकड्याची जात ओळखण्याचा सर्वांत उपयोगी प्रश्न हा आहे, की तो कागदावर प्रथम कोणी चढवला आणि कमी-जास्त लिहिल्यास त्या माणसाचे काय झाले असते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला पैसेवारीचे, म्हणजे गावच्या पिकाच्या सरकारी अंदाजाचे, उदाहरण पुरेसे आहे. खरिपाची नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम पैसेवारी लागते, तेव्हा पन्नास पैशांच्या खाली आलेल्या गावाला दुष्काळी सवलतींची आशा असते. त्यामुळे गावाचा दबाव आकडा खाली आणण्याकडे असतो आणि तिजोरीची काळजी वाहणाऱ्या वरिष्ठांचा दबाव तो वर ठेवण्याकडे असतो. दोन्ही बाजूंनी ओढाताण होते, वर्तमानपत्रांत ओरड होते, आमदार सभागृहात प्रश्न विचारतात. पैसेवारी बिनचूक असते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, पण ती एकाच दिशेने वाहून जात नाही.

१९५८ च्या चीनमध्ये सगळे वजन तराजूच्या एकाच पारड्यात होते. जास्त सांगणाऱ्या कम्यूनला (अनेक गावांच्या सामुदायिक शेतीसंस्थेला) लाल झेंडा, सभेत पुढची जागा आणि सचिवाला बढती मिळे. खरे सांगणाऱ्यावर ‘उजव्या विचारांचा’ असा शिक्का बसे. हा शिक्का किती महाग पडतो हे लोकांनी वर्षभरापूर्वीच पाहिले होते. १९५६-५७ मध्ये पक्षावर टीका करण्याचे आवाहन करून झाल्यावर, टीका करणाऱ्या लाखो शिक्षित लोकांना १९५७ च्या मोहिमेत उजवे ठरवून नोकरीतून, शहरातून आणि माणसांतून उठवले गेले. तेव्हा १९५८ मध्ये गावाचा आकडा लिहिणाऱ्या कारकुनाला कोणी धमकी देण्याची गरजच नव्हती.

पद्धत म्हणून असे करावे: कागदाच्या एका बाजूला ‘वाढवून सांगितल्यास’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खरे सांगितल्यास’ असे दोन मथळे लिहून, माहिती देणाऱ्या माणसाच्या नोकरीचे, घराचे व जिवाचे परिणाम मांडावेत. दोन्ही रकान्यांत बरेवाईट दोन्ही असेल तर आकड्यात चूक असली तरी त्यावर काम करता येते. एका रकान्यात फक्त बक्षिसे आणि दुसऱ्यात फक्त शिक्षा आढळल्या, तर त्या आकड्यातून शेताविषयी काही कळणार नाही. त्यातून फक्त त्या माणसाच्या वरिष्ठाला काय ऐकायचे होते ते कळेल.

उतरंडीतला प्रत्येक हात

हुकूमशहाशी खोटे बोलणारा एक कोणी कपटी दरबारी असतो, असे चित्र आपल्या मनात कथा-बखरींमुळे बसलेले आहे. प्रत्यक्षात कोणा एकाला मोठे खोटे बोलावेच लागत नाही. कम्यूनमधल्या उत्पादन गटाचा प्रमुख दहा टक्के वाढवतो, कारण शेजारच्या गटाने पंधरा टक्के वाढवले आहेत हे त्याला माहीत असते. तालुक्याचा सचिव त्या सगळ्यांची बेरीज करताना थोडी भर घालतो, कारण जिल्ह्याच्या बैठकीत तालुक्यांची नावे क्रमाने वाचली जाणार असतात. जिल्हा प्रांताला आणि प्रांत केंद्राला कळवतो. ‘राजा बोले, दळ हाले’ ही म्हण हुकमाच्या प्रवासाची आहे; माहितीचा प्रवास उलट्या दिशेने असतो, आणि दळाने आधीच ओळखलेले असते की राजा काय बोलणार आहे. ऑगस्ट १९५८ मध्ये माओ हपै प्रांतातील शूश्वी तालुक्यात गेले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलेले अपेक्षित उत्पादन ऐकून त्यांनी विचारले, की इतके धान्य तुम्ही खाणार तरी कसे. अधिकाऱ्यांना हा प्रश्न म्हणजे शाबासकीच वाटली असणार. लगोलग धान्याच्या अतिरिक्त साठ्याचे करायचे काय, पेरा कमी करावा का, याची चर्चा देशभर सुरू झाली.

१९५८ चे धान्य-उत्पादन ३७.५ कोटी टन झाल्याचे त्या वर्षाच्या अखेरीस जाहीर झाले. पुढे स्वीकारलेला आकडा सुमारे २० कोटी टनांचा आहे. आकड्यांतली ही तफावत कागदावरच राहिली असती तर ती विनोदी ठरली असती. पण सरकार धान्याची वसुली अहवालातल्या उत्पादनावरून ठरवत होते, खळ्यावरच्या उत्पादनावरून नव्हे. १९५९ मध्ये प्रत्यक्ष पीक १७ कोटी टनांपर्यंत घसरले आणि सरकारी वसुली मात्र ६.७ कोटी टनांच्या घरात गेली, म्हणजे पिकाच्या जवळजवळ चाळीस टक्के. त्याच वर्षी देशातून सुमारे ४० लाख टन धान्य निर्यात झाले.

इथे यंत्रणा स्वतःच्या खोट्याला स्वतःच पुरावा तयार करू लागते, आणि अभ्यासकाने सर्वांत जास्त थांबावे ते या जागी. अहवालाप्रमाणे गावात धान्य भरपूर आहे; वसुलीला गेल्यावर ते मिळत नाही; तेव्हा निष्कर्ष निघतो की शेतकऱ्यांनी आणि गटप्रमुखांनी ते दडवले आहे. १९५९ च्या आरंभी ग्वांगडोंग प्रांतातून दडवलेले धान्य सापडल्याचा अहवाल आला आणि वरून त्याची दखल घेतली जाऊन तो देशभर फिरवला गेला. मग धान्य दडवणाऱ्यांविरुद्ध मोहिमा निघाल्या, सभांमध्ये मारहाण झाली, आणि मारहाण झालेल्यांपैकी काहींनी ‘हो, दडवले आहे’ असे कबूल केले. त्या कबुल्या पुन्हा अहवालात चढल्या. आता वरच्या माणसाकडे उत्पादनाचा आकडा आणि दडवल्याची कबुली असे एकमेकांना दुजोरा देणारे दोन कागद होते, आणि दोन्ही एकाच भीतीतून जन्मले होते. म्हणून कोणत्याही राजवटीच्या कागदपत्रांत दोन अहवाल जुळताना दिसले, तर ते स्वतंत्रपणे जुळले की एकाच हाताने जुळवले गेले, हे तपासल्याशिवाय त्यांना ‘दुजोरा’ म्हणू नये.

दुसरी वाट उघडी होती का

ज्या राज्यकर्त्याकडे माहिती येण्याची एकच वाट असते, त्याची फसवणूक त्याच्या स्वभावावर अवलंबून नसते. तो कितीही चतुर असला तरी ती होणारच. म्हणून अहवालांच्या उतरंडीला वळसा घालून वर पोचणारी दुसरी कोणती वाट होती आणि ती कधी बंद झाली, हे शोधावे. साधारणतः अशा वाटा चार-पाच असतात: स्वतंत्र मोजणी करणारे खाते, वर्तमानपत्रे, न्यायालये, टपाल आणि गाव सोडून जाणारी माणसे.

मोजणीच्या वाटेचा चीनमधला इतिहास आपल्याला विशेष जवळचा आहे. पीक कापणी प्रयोगासाठी शेते यादृच्छिक पद्धतीने निवडण्याचे शास्त्र भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस आणि साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात उभे केले. या पद्धतीचे मर्म असे, की कोणत्या शेतात चौकट मांडायची हे अधिकारी ठरवत नाही, आकड्यांची सोडत ठरवते. म्हणून साहेबाला दाखवायचे ‘चांगले शेत’ आधीपासून सजवून ठेवता येत नाही. चीनचे पंतप्रधान चोउ एन-लाय यांनी १९५६ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेला भेट दिली, महालनोबिस १९५७ मध्ये चीनला गेले आणि तिथल्या संख्याशास्त्रज्ञांनी या पद्धतीत मनापासून रस घेतला. एका वर्षात ते सारे मागे पडले. १९५८ मध्ये आकडेवारी स्थानिक पक्षसमित्यांच्या हाती गेली, आणि ज्याच्या कामगिरीचे मोजमाप व्हायचे होते त्याच्याच हाती मोजपट्टी आली. सोव्हिएत संघात तर हा प्रकार आणखी उघड झाला होता. लोकसंख्या १६.८ कोटी झाल्याचे स्टालिनने १९३४ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात सांगून ठेवले होते. जानेवारी १९३७ च्या जनगणनेत ती सुमारे १६.२ कोटीच भरली. जनगणना रद्द झाली, ती करणारे प्रमुख संख्याशास्त्रज्ञ पकडले गेले व त्यांतल्या काहींना गोळ्या घातल्या गेल्या, आणि १९३९ मध्ये नव्याने मोजणी होऊन हवा तसा आकडा मिळाला.

टपालाची वाट कशी बंद होते हे हेनान प्रांतातल्या शिनयांग विभागात दिसते. सुमारे ८० लाख वस्तीच्या या भागात १९५९-६० च्या हिवाळ्यात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. गावाबाहेर पत्रे जाऊ नयेत म्हणून टपाल कार्यालयांतून हजारो पत्रे अडवून ठेवली गेली, आणि भीक मागायला निघालेल्यांना रस्त्यांवरच्या नाक्यांवरून परत फिरवले गेले. त्याच विभागातील ग्वांगशान तालुक्याचा एक पक्षसचिव, चांग फुहोंग, उजवा ठरवला जाऊन सभेतल्या मारहाणीत मेला. स्थानिक अधिकाऱ्यांना उपासमार माहीत नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही; ती बातमी बाहेर जाऊ नये यासाठी त्यांनी घेतलेले कष्टच तसा पुरावा देतात. अभ्यासकाने हे सूत्र लक्षात ठेवावे. बातमी अडवण्यासाठी खर्च झालेले मनुष्यबळ, नाके, तपासणी आणि सेन्सॉरची फर्माने यांची नोंद बहुधा कागदावर राहते, आणि बातमी नष्ट झाली तरी तिचा आकार त्या नोंदीवरून समजतो.

तुलनेसाठी १९७२ चा महाराष्ट्र घ्यावा. लागोपाठच्या अवर्षणाने पीक बुडाले, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, लोकांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. तरीही खडी फोडण्याची, पाझर तलावांची व नालाबंडिंगची कामे वाढत गेली आणि मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख मजूर होते. सरकारला कळवळा होता म्हणून हे झाले, इतके सोपे उत्तर देऊ नये. तहसीलवर मोर्चे निघत होते, कामावर मजुरी थकली की घेराव पडत होते, मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज गावांची नावे छापली जात होती आणि विरोधी पक्ष विधानसभेत मंत्र्यांना उभे करत होते. कलेक्टरने खोटा अहवाल दिला असता तर तो आठवड्याभरात उघडा पडला असता. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी भारत-चीनच्या दुष्काळांची तुलना करताना नेमके यावर बोट ठेवले. त्यांनीच हेही बजावले आहे, की रोजची अर्धपोटी उपासमार या वाटेने वर पोचत नाही, कारण तिची बातमी होत नाही. ही मर्यादा आपल्याला अवघडवणारी असली तरी पद्धत वापरताना ती सोडू नये.

शेवटच्या खरे बोलणाऱ्याचे काय झाले

राजवटीने सत्य मागितले होते का, हा प्रश्न फसवा आहे. बहुतेक हुकूमशहा सत्य मागतात, आणि काही वेळा मनापासून मागतात. २९ एप्रिल १९५९ रोजी माओंनी थेट उत्पादन गटांच्या प्रमुखांपर्यंत जाणारे एक पत्र लिहिले. त्यात उत्पादनाचे खरे आकडे सांगा, न पेलणारी उद्दिष्टे घेऊ नका, असे म्हटले होते, आणि पुष्कळसे खोटे वरच्यांच्या दडपणातूनच निर्माण होते हेही त्यांनी कबूल केले होते. आजच्या कोणत्याही प्रशासन प्रशिक्षण वर्गात लावावे असे ते पत्र आहे.

दोन महिन्यांनी लुशान येथे पक्षश्रेष्ठींची बैठक भरली. बैठकीचा मूळ हेतू अतिरेक आवरण्याचाच होता. संरक्षणमंत्री पेंग दहुआई आदल्या हिवाळ्यात हुनानमधल्या आपल्या मुलखात हिंडून आले होते आणि खळ्यांवर अहवालाइतके धान्य नाही हे त्यांनी पाहिले होते. १४ जुलैला त्यांनी माओंना खासगी पत्र लिहिले. पत्राची सुरुवात मोठ्या झेपेच्या यशाच्या गौरवाने होते. फुगवून सांगण्याच्या सवयीवरची टीका त्यानंतर, जपून निवडलेल्या शब्दांत येते. माओंनी ते पत्र छापून सगळ्यांना वाटले, २३ जुलैला त्यावर कडाडून हल्ला चढवला, आणि सप्टेंबरपर्यंत पेंग यांच्या जागी लिन ब्याव आले. त्यापाठोपाठ देशभर उजव्यांविरुद्ध नवी मोहीम निघाली. एप्रिलचे पत्र ज्यांनी वाचले होते त्या लाखो गटप्रमुखांना आता त्याचा खरा अर्थ कळला, आणि त्या शरद ऋतूतल्या अहवालांतले आकडे त्या अर्थाप्रमाणेच आले.

म्हणून राजवटीची भाषणे, परिपत्रके आणि ‘तक्रार करा, दाद मिळेल’ अशी आश्वासने वाचताना त्यांच्या तारखेच्या आधी आणि नंतर कोणाला शिक्षा झाली याची यादी शेजारी ठेवावी. अधिकारी वर्ग परिपत्रकापेक्षा ही यादी जास्त बारकाईने वाचतो. स्टालिनच्या लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख इव्हान प्रोस्कुरोव्ह स्पष्ट बोलत असत. १९४० मध्ये त्यांना काढले गेले आणि पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या फिलिप गोलिकोव्ह यांनी मार्च १९४१ च्या अहवालात जर्मन हल्ल्याची माहिती तपशीलवार दिली, पण तिचा मोठा भाग शत्रूने पेरलेला अपप्रचार असावा, असा निष्कर्ष तळाशी जोडला. माहिती टेबलावर होती. तिच्याबरोबर ती नाकारण्याची सोयही होती. २२ जून १९४१ ला हल्ला झाला. गोलिकोव्ह पुढे मार्शल झाले.

‘त्यांना कळलेच नव्हते’ या सबबीचे काय करावे

इथवरची पद्धत वापरताना एक धोका संभवतो. माहिती वर पोचत नव्हती हे दाखवता दाखवता वरचा माणूस निर्दोष ठरू लागतो, आणि सारा दोष चापलूस कारभाऱ्यांवर येतो. प्रजेला हे समीकरण नेहमीच आवडते, कारण त्यात आशा शिल्लक राहते. माझ्या मते अभ्यासकाने ही सबब प्रत्येक वेळी तारखांच्या कसोटीवर घासून पाहावी. आकड्यांत चूक असल्याची शंका त्या माणसाला येईल असे काय, कधी समोर आले, आणि त्यानंतर त्याने आणखी माहिती मागवली की सांगणाऱ्याला गप्प केले? माओंच्या बाबतीत एप्रिल १९५९ चे पत्र आणि जुलैचे लुशान हे दोन दिनांक एकत्र ठेवले, की आकडे खोटे आहेत हे त्यांना ठाऊक होते याविषयी शंका उरत नाही. किती खोटे आहेत हे ठाऊक नसेल, पण ते जाणून घेण्याची वाट त्यांनीच बंद केली.

ज्याला जाणून घ्यायचे होते तो काय करतो, याचाही नमुना त्याच देशात मिळतो. १९६१ च्या एप्रिल-मे महिन्यांत राष्ट्राध्यक्ष लिउ शाओची ४४ दिवस हुनानमध्ये राहिले. त्यांपैकी बराच काळ त्यांनी आपल्या मूळ गावच्या परिसरात काढला. राष्ट्राध्यक्षांसमोरही गावकरी सुरुवातीला तोंड उघडत नव्हते, हा या दौऱ्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. हळूहळू लोक बोलू लागले, आणि कम्यूनची सार्वजनिक भोजनगृहे लोकांना नको आहेत, उपासमारीला दुष्काळापेक्षा माणसे जास्त जबाबदार आहेत, हे त्यांनी ऐकून घेतले. जानेवारी १९६२ मध्ये सात हजार कार्यकर्त्यांच्या बैठकीत त्यांनी तेच जाहीरपणे मांडले. पाच वर्षांत माओंनी सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीने त्यांना पदावरून खेचले आणि १९६९ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. वर सांगितलेल्या यादीत हे नावही लिहून ठेवावे.

ज्यावर कोणाची बढती अवलंबून नव्हती असे आकडे

मुख्य आकड्यावर विश्वास नसेल तर बाजूचे आकडे गोळा करावेत, आणि निवडताना एकच निकष ठेवावा: हा आकडा वाढल्याने किंवा घटल्याने कोणाचे भले-बुरे होत होते का? ल्याओनिंग प्रांताचे पक्षसचिव असताना ली केचियांग यांनी २००७ मध्ये अमेरिकन राजदूताला सांगितले, की प्रांताच्या सकल उत्पादनाच्या आकड्यावर ते विसंबत नाहीत. विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांनी दिलेली कर्जे पाहतात. राजदूताचा तो संदेश २०१० मध्ये फुटला म्हणून आपल्याला हे कळले. ली पुढे पंतप्रधान झाले. या निकषाची मर्यादा अशी, की तो प्रसिद्ध झाला की विजेचा आकडाही कोणाच्या तरी बढतीशी जोडला जाण्याचा संभव असतो, म्हणून जुन्या काळासाठी तो जास्त उपयोगी पडतो.

दुष्काळाच्या बाबतीत बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा लोकसंख्येचा असतो. मृत्यू नोंदवले नाहीत तरी न जन्मलेली मुले पुढच्या जनगणनांत वयोगटाच्या खड्ड्याच्या रूपाने दिसतात. चीनची १९६४ ची जनगणना वर्षानुवर्षे अप्रकाशित राहिली. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिचे आकडे आणि १९८२ च्या जनगणनेचे निष्कर्ष बाहेर आले, आणि १९५९-६१ मध्ये काय झाले हे लोकसंख्याशास्त्रज्ञांना मोजता येऊ लागले. चीनच्याच अधिकृत आकड्यांप्रमाणे १९५९ अखेरीस ६७.२ कोटी असलेली लोकसंख्या १९६१ अखेरीस ६५.९ कोटींवर आली. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात आणि अनेक अभ्यासक तीन कोटींच्या आसपास थांबतात. एवढी मोठी तफावत पाहून ‘म्हणजे कोणालाच काही माहीत नाही’ असा शेरा मारण्याचा मोह टाळावा. वाद आहे तो नोंद न झालेले मृत्यू आणि सामान्य वर्षातले अपेक्षित मृत्यू किती धरायचे यावर.

सरावासाठी घरचे उदाहरण

पद्धत हाती बसली की नाही हे पाहण्यासाठी आणीबाणी घ्यावी. भारतातले ते एकवीस महिने माओंच्या चीनच्या तोलाचे नव्हते आणि तसे भासवूही नये. सरावासाठी त्यांचा उपयोग एवढाच, की कागदपत्रे आपल्या भाषांत आणि आपल्या आवाक्यात आहेत. १९७६-७७ साठी देशात ४३ लाख नसबंदी शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट होते आणि झाल्या म्हणून सांगितलेल्या शस्त्रक्रियांची संख्या ८२ लाखांहून अधिक होती. उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट काम करणारे सरकारी खाते दिसले, की वाचकाच्या हातातली पेन्सिल आपोआप थांबली पाहिजे. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जे. सी. शहा आयोगाच्या तिसऱ्या व अंतिम अहवालात कुटुंबनियोजनाचे प्रकरण आहे. ते उघडून पाहावे, की आकडा प्रथम कोण लिहीत होता, शिक्षकांचे पगार आणि बढत्या कोणत्या कोट्याला बांधल्या होत्या, आणि मृत्यूची तक्रार कोणाकडे जात होती. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. पण आपल्या राज्यातल्या कोणत्या पायरीला वरचा कल किती आधी कळला होता, हे त्यातून दिसते.

मग दुसऱ्या वाटांचा शोध घ्यावा. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, पण मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सेन्सॉरचे काही आदेश बेकायदा ठरवले. त्याआधी डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी उपस्थितांना प्रार्थना करायला लावली होती. म्हणजे वाट अरुंद झाली होती, पण पूर्ण बुजली नव्हती. १८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. गुप्तचर अहवाल विजयाचे भाकीत करत होते असे त्या काळातल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. तो त्या निर्णयामागचा एकमेव हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. तरी एक तक्ता करून पाहण्याजोगा आहे: एका स्तंभात उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा, पंजाब व दिल्ली, दुसऱ्या स्तंभात महाराष्ट्र, आंध्र व कर्नाटक, प्रत्येकासमोर १९७६-७७ चा नसबंदीचा कोटा, सांगितलेली पूर्तता आणि मार्च १९७७ मध्ये काँग्रेसला मिळालेल्या जागा. पहिल्या स्तंभातल्या पाचही ठिकाणी जागांचा रकाना शून्य येतो. महाराष्ट्राची ओळ भरताना मात्र घाई करू नये, कारण इथे काँग्रेसने ४८ पैकी २० जागा राखल्या, आणि त्या का राहिल्या याचे उत्तर नसबंदीच्या रकान्यात सापडत नाही.